आठ दिवसांचं चक्र

काच कारखान्यातले शिफ्टचे साहेब खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून आमचं पाळ्यांचं चक्र आठ दिवसांचं. दोन दिवस सकाळ, दोन दुपार, दोन रात्र, दोन सुट्टी. शुक्रवारी तुमचा प्रोग्रॅम तसा चालवून दाखवा. नाहीतर आम्ही बाजारातलं तयार पॅकेज घेतोय."

काचेची भट्टी कधी विझवत नाहीत, म्हणून तिच्यापुढे माणसं पाळीपाळीनं उभी करावी लागतात. त्या पाळ्या लावणारा प्रोग्रॅम दादानं आणि त्याच्या धाकट्या बहिणीनं दहा वर्षं खपून उभा केला होता. हा कारखाना हेच त्यांचं एकमेव गिऱ्हाईक. ते गेलं की दोन टेबलांचं हे ऑफिस बंद.

"बदल?" दादा खुलला. "साहेब, बदलासाठीच तर जन्म झालाय याचा!"

ते खोटं नव्हतं. उद्या चौथी शिफ्ट लागली तर? उद्या भट्ट्या वाढल्या तर? मनात आलेल्या प्रत्येक शंकेसाठी दादानं एक सेटिंग ठेवलं होतं. अशी तीनशे बारा. जेवणाची सुट्टी किती मिनिटांची इथपासून रात्रपाळीचा रंग कोणता इथपर्यंत. कारखान्यानं आजवर त्यातल्या फक्त नऊ सेटिंग्जना हात लावला होता. बहिणीनं एकदा मोजलं होतं.

साहेब गेल्यावर ती कोड उघडून बसली. दुपारी तिनं मान वर केली.

"दादा, सात हा आकडा सहाशे चाळीस ठिकाणी आहे."

"आठवडा सातचाच असतो, शहाणे. तो कोण बदलणार?"

"त्यांनी बदलला."

"मग टाक ना एक सेटिंग."

"कुठे टाकू? निम्म्याहून जास्त सेटिंग्ज आठवड्याला टेकून उभी आहेत. एक हलवलं की दहा कोसळतात. ही सगळी नसती ना, तर दोन दिवसांत केलं असतं मी."

बोलून गेल्यावर तिची तिलाच चुटपुट लागली. दादा चष्मा पुसत बसला.

"म्हणजे दहा वर्षं मी माती खाल्ली."

"मीही शेजारी बसून तीच खाल्ली की."

तो हसला नाही.

तीन दिवस दोघांनी जिवाचं रान केलं. सात काढून आठ घातला की रजा चुकायच्या. रजा सावरल्या की गट एकमेकांत मिसळायचे. शुक्रवारी साहेबांनी पडद्यावरच्या एका ओळीवरून बोट फिरवलं.

"हा माणूस सलग सोळा तास भट्टीपुढे?"

"ते एक सेटिंग..." दादा म्हणाला.

"राहू द्या," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

सोमवारी त्यांचा फोन आला. नव्या पॅकेजमध्ये भरायला कामगारांची यादी हवी होती. नाव, नंबर, गट, साध्या तक्त्यात. बहिणीनं बटण दाबलं. बारा सेकंदांत यादी तयार झाली.

"एकही चूक नाही बघ," दादा तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला.

तिनं यादी पाठवली. उत्तर लगेच आलं: "मिळाली. तुमच्याकडचा डेटा आता काढून टाका."

दादानं खुर्ची जवळ ओढली आणि एकेक नाव वाचायला लागला. तो शेवटपर्यंत पोचेतो ती थांबली, मग तिनं सगळं पुसलं.