वाळूवरचं पांघरूण

मार्टाने स्वयंपाकघरातली वाळू फावड्याने उचलून दाराबाहेर फेकली आणि वाऱ्याने ती परत तिच्याच तोंडावर आणून टाकली. शेजारच्या ओट्यावर तिची मोठी नणंद लेटी मासे साफ करत बसली होती. लेटी मार्टाशी बोलत नसे. जे सांगायचं ते ती आपल्या बोक्याला सांगे, फक्त शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"बघितलंस का रे बोक्या? काही लोकांना झाडाला साबणाने न्हाऊ घालायची हौस असते. मग बसतात अशी वाळू उपसत."

मार्टाने पुढचं फावडं भरलं. खोटं काय होतं त्यात?

लग्न होऊन या किनाऱ्यावर आली, तेव्हा सासूने दिलेलं आंबट अंजिराच्या वेलीचं बेणं तिने दारासमोर वाळूत खोचलं होतं. करंगळीएवढी जाड, रसरशीत पानं. जमिनीलगत सरपटत जायचं आणि पेर टेकेल तिथे मूळ धरायचं, एवढंच त्या वेलीला ठाऊक. समुद्राकडून येणारी वाळू तिनेच इतकी वर्षं अडवली होती. मार्टाने जन्मभर मासळीच्या कारखान्यात काम केलं. बोट कापलं, हात भाजला, की घरी येऊन ती याच पानांचा रस चोळायची. उन्हाळ्यात फळं वेलीवरच सुकली की त्यांचा मुरंबा व्हायचा. पाणी कधी घालावं लागलं नव्हतं. मग केप टाउनला नोकरी करणाऱ्या जोलीनने, तिच्या लेकीने, कपडे धुण्याचं मशीन आणून बसवलं. बिचाऱ्या वेलीला दोन घोट मिळतील म्हणून मार्टाने त्याच्या सांडपाण्याची नळी तिच्यातच सोडली. हिवाळा सरेपर्यंत वेल मुळापासून काळी पडून कुजून गेली.

"साबणाचं पाणी नको," असं लेटीने तेव्हाच सांगितलं होतं. बोक्याला. म्हणूनच मार्टाने ऐकलं नव्हतं.

या अबोल्याचं कारण आब्राहम. मार्टाचा नवरा, लेटीचा भाऊ. तो गेला तेव्हा लेटीला तो किनाऱ्यावरच्या जुन्या दफनभूमीत, आईवडिलांशेजारी हवा होता. मार्टाने त्याला टेकडीवरच्या नव्या जागेत पुरलं. त्या दिवशी दोघींच्या मध्ये बोका आला.

मार्टाने फावडं भिंतीला टेकवलं आणि तशीच वाळूने भरलेली शेजारच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"ताई, तुमच्या वेलीचं थोडं बेणं हवं होतं मला. पावसाआधी लावीन म्हणते."

लेटीची सुरी थांबली. तिने बोक्याकडे पाहिलं, पण तो माशाचं डोकं घेऊन पसार झाला होता.

"घे की. वेल काय माझ्या बापाची आहे?" ती म्हणाली. "म्हणजे, आहे बापाचीच. पण घे."

मार्टा वाकली. तेवढ्यात लेटीला राहवलं नाही.

"वेल मागायला बरी येतेस. भाऊ मात्र तिकडे दगडात नेऊन ठेवलास. एकटा."

मार्टा सरळ झाली. "तिथली वाळू सरकते, ताई. मामंजींच्या कबरीची फळी तरी दिसते का आता?" तिने किनाऱ्याकडे हात केला. "माझी ग्रीटा तिथेच आहे ना? कुठे आहे, सांगता येईल मला? आधी क्रूस गेला, मग उंचवटा गेला. माझी तान्ही पोर हरवली त्या वाळूत. आता नवरासुद्धा हरवायचा होता का?"

ग्रीटा तिची पहिली. पुरते दातही आले नव्हते, तेव्हा तापाने गेली. तेव्हापासून हे नाव मार्टाच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

लेटीने हात पुढ्यातल्या ॲप्रनला पुसले.

"हरवली कुठे?" ती म्हणाली. "आहे की."

"काय?"

"चल. ती सुरी घे. आणि मला हात दे, गुडघे धड नाहीत माझे."

जुन्या दफनभूमीत पांढरी वाळू लाटांसारखी साचली होती. कुठे एखाद्या फळीचं टोक वर आलेलं, बाकी काही नाही. फक्त कुंपणाच्या कोपऱ्यात हिरवीगार वेल दाट पसरली होती, चटई अंथरावी तशी. वाळू तिच्या कडेपर्यंत येऊन थांबली होती.

"क्रूस पडला, तेव्हा जागा अजून कळत होती," लेटी म्हणाली. "आईच्या वेलीचं बेणं आणून लावलं. दरवर्षी येते. मधलं म्हातारं वाळलेलं काढते, कोवळी टोकं खोचते. बाकी तिचं ती बघते."

"मला सांगितलं नाहीत?"

"नाव तरी काढू देत होतीस? एकदा तोंड उघडलं, तर भरल्या ताटावरून उठलीस. म्हटलं, विचारशील कधीतरी. मग आपलं बोलणंच थांबलं." लेटीने नाक पुसलं. "बोक्याला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती."

मार्टा खाली बसली. पानांच्या खाली हात घातला. आतली वाळू गार होती, ओलसर होती, आणि जागची हलत नव्हती. तिचा हात बराच वेळ तिथेच राहिला.

"इथलंच घे बेणं," लेटी म्हणाली. "कापलं की उलट जोमाने फुटतं."

मार्टाने कडेकडेची टोकं कापून झग्याच्या घोळात घेतली.

"अजून घे गं."

"पुरे," मार्टा म्हणाली. "थंडी येईल आता. पांघरूण असू दे तिला."

घरी तिने बेण्याची खालची पानं काढली, कापलेली टोकं सावलीत सुकू दिली आणि मग दारासमोर ओळीने पेरं पुरली. मशीनची नळी मागच्या बाजूला वळवली. थोड्या दिवसांनी पानं सुरकुतलेली दिसली, तशी ती पाण्याचा डबा भरून घेऊन आली.

"ठेव तो डबा!" लेटी ओट्यावरून थेट तिच्यावरच ओरडली. "एकदा मारलीस, तेवढं बस झालं!"

मार्टाने डबा ठेवला. थंडीबरोबर इथला पाऊस सुरू झाला. बेण्याने मुळं धरली, टोकांना कोवळी जोडपानं आली आणि वेल समुद्राच्या दिशेने सरकू लागली. थंडी ओसरताच भर दुपारच्या उन्हात पहिली पिवळी फुलं उमलली. जुनी होतील तशी गुलाबी पडू लागली. वारा सुटला, तेव्हा वाळू आली खरी, पण दारापर्यंत पोचली नाही.

खालच्या आळीतली सोफी जाता जाता थांबली. "काय सुंदर धरलीय गं! जोलीनने आणून दिली का?"

"नाही," मार्टा म्हणाली. "ही थोरलीकडची."

सोफी गोंधळून बघत राहिली. इतक्या वर्षांच्या ओळखीत तिला मार्टाची एकच मुलगी माहीत होती.

मार्टाने आतून खुर्ची आणली आणि उन्हात ठेवली.

"बस," ती म्हणाली. "ग्रीटा नाव तिचं. सांगते."