एकशे सतरा नंबरची शेजारीण

मेलिदाबाईंनी भरलेल्या ताटलीवर दुसरी ताटली पालथी घातली, दोन्ही मिळून कागदी रुमालात गुंडाळल्या आणि जेवणघराच्या दाराकडे चालायला लागल्या. तिसऱ्यांदा वाढून घेतलेला भात अर्धा खाऊन झाला होता, तो कसाबसा संपवून योकास्ता आईच्या मागे धावली.

दारात पहारेकरी उभा होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला.

"बाईसाहेब, जेवण बाहेर नेता येत नाही. इथे बसून दहा वेळा वाढून घ्या, कुणी विचारणार नाही."

"मला नकोय."

"मग कुणाला हवंय?"

"शेजाऱ्यांना."

पहारेकऱ्यानं आधी ताटलीकडे पाहिलं, मग योकास्ताकडे. हॉटेलचा नियम त्याला पाठ होता. पण तोही लहानपणी कुंपणापलीकडून आलेल्या ताटल्यांवरच वाढला होता. त्यानं तोंड समुद्राकडे फिरवलं आणि तिथे एखादं जहाज बुडत असावं इतक्या काळजीनं बघत राहिला. मेलिदाबाई बाहेर पडल्या.

मोका गावात गेली एक्केचाळीस वर्षं मेलिदाबाईंच्या घरी दुपारचं पहिलं वाढणं घरच्यांच्या वाट्याला आलेलं नाही. भात, राजमा आणि कोंबडी शिजली की एक ताटली आधी शेजारच्या फियोरकडे जाते. मग घरातली माणसं जेवतात. थोड्या वेळानं फियोरकडूनही ताटली येते. तिच्याकडेही भात, राजमा आणि कोंबडीच असते, आणि यात काही अडचण आहे असं दोघींपैकी एकीलाही कधी वाटलेलं नाही. ताटलीबरोबर चार शब्दही जातात. कुणाचा गुडघा धरलाय, कुणाचा मुलगा न्यूयॉर्कला जाऊन फोन करत नाही. वादळात छप्पर उडालं त्या दिवशीही ताटली गेली होती. फियोरशी दोन वर्षं बोलणं बंद होतं तेव्हाही जात होती. त्या काळात ती कुंपणावर ठेवून फक्त खाकरायचं, एवढाच फरक.

आणि आता हे हॉटेल. मनगटाला निळी पट्टी बांधली की सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत हवं ते खा, हवं ते प्या. हॉटेल स्वस्तातलं होतं. फोटोत येईल तेवढीच भिंत मालकानं रंगवली होती, आणि खोलीतला पंखा फिरण्याआधी थोडा विचार करायचा. पण पट्टी ती पट्टी. योकास्ताच्या नवऱ्यानं, विल्टननं, काल दुपारपासून त्या पट्टीला पुरेपूर न्याय दिला होता. त्यांच्या मुलीनं, सात वर्षांच्या नायेलीनं, पाच आइस्क्रीमं संपवली होती. मेलिदाबाईंच्या पोटात मात्र काल दुपारपासून कॉफी आणि घरून आणलेली तीन बिस्किटं, एवढंच गेलं होतं.

"आई, साखर उतरेल तुझी," योकास्ता सकाळी म्हणाली होती.

"उतरू दे. नेहमी चढलेलीच असते. तिलाही सुट्टी."

आणि त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. मुक्काम उद्या दुपारपर्यंतचा, पण त्या आजच तीनच्या बसनं मोकाला परत जाणार होत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, कोंबड्यांची आठवण येते.

योकास्ता सांतियागो शहरात औषधाच्या दुकानात नोकरीला होती. या दोन रात्रींसाठी तिनं वर्षभर रविवारची पाळी मागून घेतली होती. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर आई घराबाहेर पडलीच नसती. जन्मात पहिल्यांदा आईला काही द्यायची वेळ आली होती, आणि आई ते उपाशी राहून परत करायला निघाली होती.

खोल्या तळमजल्यावर एका रांगेत होत्या. एकशे सोळात मेलिदाबाई आणि नात, एकशे सतरात योकास्ता आणि विल्टन. दुसऱ्या बाजूला, एकशे पंधरात, कॅनडाचं एक म्हातारं जोडपं होतं. मेलिदाबाईंनी एकशे पंधराचं दार वाजवलं.

उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झालेला म्हातारा दारात आला. मेलिदाबाईंनी ताटली पुढे केली. त्यानं ती पाहिली, हसला आणि बायकोला हाक मारली. तीही हसली. दोघं आपापसात काहीतरी बोलले. मग म्हाताऱ्यानं हात वर करून स्वतःच्या मनगटावरची निळी पट्टी दाखवली. बायकोनंही आपली दाखवली. एवढ्यावर न थांबता म्हातारा अनवाणी बाहेर आला आणि जेवणघर कोणत्या बाजूला आहे ते त्यानं बोटानं नीट समजावून सांगितलं. बिचाऱ्याला वाटलं, बाई वाट चुकल्या आहेत. मग पुन्हा हसून त्यानं अगदी हळू दार लावलं.

मेलिदाबाई ताटली घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

"आई, परदेशी माणसं ती. त्यांना कसं कळणार?"

"ताटली कळायला शाळेत जावं लागतं का?"

"त्यांना भूक नव्हती गं."

"भुकेल्याला देतात ते दान. हे दान होतं का?" त्या वळल्या. "तू जा. नायेलीला पाण्यात फार वेळ राहू देऊ नकोस. मी बसची वेळ होईपर्यंत बसते."

पलंगाच्या कडेला, मांडीवर ताटली घेऊन, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारख्या त्या बसल्या. योकास्तानं दार ओढून घेतलं.

एकशे सतरात कुणी नव्हतं. नवरा आणि मुलगी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात होते, त्यांचा ओरडा इथपर्यंत येत होता. घड्याळात पावणेदोन झाले होते. योकास्तानं तोंडावर पाणी मारलं, टॉवेल उचलला, परत ठेवला. मग मागच्या गच्चीवजा ओट्यावर गेली. तिचा ओटा आणि आईचा ओटा यांच्यामध्ये खांद्याएवढी भिंत होती. ती भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं घसा साफ केला आणि फियोरसारखा हेल काढून ओरडली,

"मेलिदाबाई! अहो, काय वास सुटलाय तुमच्याकडून! इथे माणसानं जगायचं की नाही?"

पलीकडे चिडीचूप. वास कसला, दोन ताटल्यांच्या मध्ये जेवण कधीच गार झालं होतं. हवेत वास होता तो तलावात टाकलेल्या औषधाचा. चौतीस वर्षांची बाई, दुकानात गिऱ्हाइकं जिला मॅडम म्हणतात, ती भिंतीशी बोलत उभी होती. योकास्ताचे कान तापले.

पलंग करकरला. चपला वाजल्या. बराच वेळ नुसतं नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज आला. मग खोलीच्या पुढच्या दारावर दोनदा टकटक झाली.

मेलिदाबाईंनी केस नीट बसवले होते आणि कानात मोत्याच्या कुड्या घातल्या होत्या. नव्या शेजारणीकडे पहिल्यांदा जायचं म्हणजे तेवढं करावं लागतं. चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

"थोडंच आहे," त्या म्हणाल्या. "भात जरा कच्चा राहिलाय आणि राजम्यात मीठ नाही. मी केलेला नाही म्हणून सांगते."

"अहो मेलिदाबाई, कशाला एवढा त्रास घेतलात!" योकास्तानं दोन्ही हातांनी ताटली घेतली. "बसा ना."

"बसत नाही." आणि त्या बसल्या. "तुम्ही खाऊन बघा."

योकास्ताच्या गळ्यापर्यंत भात होता. तिनं वरची ताटली काढली आणि गार राजम्याचा एक घास घेतला. मग दुसरा.

"छान झालाय."

"खोटं बोलू नका. कधी आलात?"

"कालच. आणि तुम्ही?"

"आम्हीही कालच. मुलीनं आणलं." मेलिदाबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. "तुम्हाला म्हणून सांगते. पलंग एवढा मोठा आहे की सकाळी मीच मला सापडेना. पाणी न सांगता गरम येतं. टॉवेलाचा हंस करून ठेवतात. आता हंसाला तोंड कसं पुसायचं? मी आपली गाऊनला पुसते."

"म्हणजे आवडलं नाही तुम्हाला."

"आवडलं नाही असं कोण म्हणालं?" त्या फटकन म्हणाल्या. मांडीवरचा झग्याचा काठ त्यांनी बोटांनी सरळ केला. परत दुमडला, परत सरळ केला.

"माझी मुलगी वर्षभर रविवारची आली नाही," त्या म्हणाल्या. "आधी दर रविवारी यायची. मग एकदम बंद. मी काय समजायचं? आमच्या तिकडे फियोर म्हणून शेजारीण आहे. तिला मी रोज ताटलीबरोबर सांगत होते. म्हटलं, शहरात गेली, विसरली. म्हटलं, नवऱ्याशी पटत नसेल, तोंड दाखवायची लाज वाटत असेल. जावयासाठी चर्चमध्ये मेणबत्तीसुद्धा लावली मी. म्हटलं, ही माझ्यासारखी नाही, बापावर गेलीय. वर्षभर सांगितलं. फियोरनं अख्ख्या गल्लीला सांगितलं असणार, तिचं तोंड तसंच आहे."

योकास्ताचा घास तोंडातच राहिला.

"काल ती पट्ट्या घ्यायला काउंटरवर गेली आणि जावई मला म्हणाला, सासूबाई, या पट्ट्यांत तिचे बावन्न रविवार आहेत." मेलिदाबाईंनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. "तेव्हापासून घास खाली उतरत नाही हो. ताटली समोर आली की घशात रविवार येतो."

तलावात नायेली कुणाला तरी भिजवून हसत होती.

"म्हणून म्हटलं आजच घरी जावं. शेजारणीपाशी बोललेलं शेजारणीपाशीच परत घ्यायला हवं, आणि उद्यापर्यंत धीर निघेना. तेवढ्यात तुम्ही हाक मारलीत." त्यांनी मान वर केली. "तर ऐका. मी म्हणाले ते खरं नव्हतं. माझ्या मुलीसारखी मुलगी आमच्या गावात कुणाला नाही. झालं."

योकास्तानं ताटलीतल्या भातावर चमचा फिरवला. काहीतरी म्हणायचं म्हणून ती म्हणाली, "हे तुम्ही तिलाच का नाही सांगत?"

"मुलीला?" मेलिदाबाईंनी डोळे मोठे केले. "असं कुणी मुलीला सांगतं का! डोक्यावर बसेल." त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून क्षणभर थांबल्या. "चला, जाते मी. ती तिकडे जेवायची खोळंबली असेल. माझ्याशिवाय एक घास घेत नाही, लहानपणापासूनची खोड."

दार लागलं. चपला सावकाश जेवणघराच्या दिशेनं निघाल्या.

योकास्तानं ताटली पलंगावर ठेवली आणि मागच्या ओट्यावरून उडी मारली. ओल्या फरशीवर घसरत, खुर्च्यांच्या रांगेमधून, तलावाला वळसा घालून ती धावली. "काय झालं?" विल्टन पाण्यातून ओरडला. तिनं नुसता हात हलवला. जेवणघराच्या मागच्या दारानं ती आत शिरली, हाताला लागलं ते वाढून घेतलं आणि खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसली. समोरची खुर्ची मोकळी ठेवली.

मेलिदाबाई पुढच्या दारानं आल्या. पहारेकऱ्यानं त्यांना वाट करून दिली. भात, राजमा, कोंबडीचे दोन तुकडे आणि तळलेली कच्ची केळी, असं त्यांनी शांतपणे वाढून घेतलं आणि लेकीसमोर येऊन बसल्या.

"अजून जेवली नाहीस?"

"तुझी वाट बघत होते."

"धापा का टाकतेयस?"

"भूक लागलीय."

मेलिदाबाईंनी तिच्या ओल्या पावलांकडे पाहिलं. राजम्यावर मीठ भुरभुरलं, कालवलं, घास घेतला. चावला. गिळला. मग आपल्या ताटलीतला कोंबडीचा मोठा तुकडा उचलून लेकीच्या भातावर ठेवला.

योकास्तानं तो मुकाट्यानं खायला घेतला.

"आणि संध्याकाळी?" मेलिदाबाई दुसरा घास घेत म्हणाल्या. "संध्याकाळी काय असतं इथे?"