प्रतिवादीचे पूर्ण नाव

सत्याहत्तर साल होतं ते. लहान दाव्यांच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि काजवालीकडे परत सरकवला.

"प्रतिवादीच्या रकान्यात हे काय? मालक?"

"मालकच म्हणतात त्यांना."

"बाई, उद्या कुणी नुसतं 'नवरा' लिहून दिलं तर मी कुणाकुणाच्या नवऱ्याला बोलावू?" रांगेतले हसले. "पूर्ण नाव आणा. दुकानाच्या परवान्यावर असतं. नगरपालिकेत नक्कल मिळेल."

अकरा वर्षं ती त्या दुकानातून शर्टांचे गठ्ठे घरी नेऊन काज-बटण करून देत होती. तिथे प्रत्येकाला कामाचं नाव होतं: मालक, मास्तर, इस्त्रीवाला, काजवाली. खरं नाव विचारणं म्हणजे आगाऊपणा. मालक एका सकाळी टाळं ठोकून गेला, तो तिची तीन महिन्यांची मजुरी बुडवून. इकडे लेकीला नर्सिंगच्या शाळेत जागा मिळालेली. फीची तारीख चुकली की जागा दुसरीची.

नगरपालिकेत चार हेलपाटे घातल्यावर नक्कल हाती आली. नाव होतं, बापाचं नाव होतं, आडनाव होतं. ते तिने कधी ऐकलेलं नव्हतं. मालकाला सगळ्यांत जुना ओळखणारा म्हणजे कटिंग करणारा मास्तर. ती त्याच्या खोलीवर गेली. तो स्वतःच्या मशीनवर कुणाची तरी जुनी पँट आखूड करत बसला होता.

"मास्तर, मालकाचं नाव सापडलं. राहतात कुठे ते तुम्हाला ठाऊक असेल."

मास्तरने चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला. पायाखालचं मशीनचं पायडल थांबलं.

"कुठून आणलंस हे?"

"परवान्यावरचं आहे."

"हे माझं नाव आहे."

मास्तरने कागद मशीनवर ठेवला.

"दुकान उघडलं तेव्हा मालक म्हणाले, मास्तर, विजेच्या मीटरसाठी सही द्या, तुम्ही काय परके आहात का. दोन-तीन कागद होते. दिल्या सह्या."

"वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं की. त्याचीच तर लाज वाटते."

"मग त्यांचं नाव काय?"

"मला तरी कुठे माहीत?"

ती उठली. मास्तर म्हणाला, "दावा लाव. माझ्यावरच लाव. मी जजसाहेबांना खरं काय ते सांगेन. मग शोधतील त्याला."

दोघांनाही ते पटलं. खरं बोललं की काम होतं, असं वाटण्याइतकी ती माणसं साधी होती.

"परवान्यावरची सही तुमचीच?" कोर्टात जजने मास्तरला विचारलं.

"माझीच, पण मालक दुसरा आहे साहेब."

"त्याचं नाव?"

मास्तरने नकारार्थी मान हलवली.

"या बाईंची मजुरी बाकी आहे, हे खरं?"

तेवढ्याला नाही म्हणाला असता तर कदाचित सुटला असता. "खरं आहे," तो म्हणाला. "एकूण एक काज मी बघून घेतलंय. एकाचाही दोरा सुटायचा नाही."

निकाल त्याच्याविरुद्ध लागला. पैसे भरायला त्याच्याकडे होतं काय? कोर्टाची माणसं मशीन न्यायला आली, तेव्हा मास्तरने स्वतःच सुई काढून ठेवली. वाटेत मोडेल म्हणून. काजवाली समोरच्या फुटपाथवर उभी होती. मशीन विकून आलेले पैसे घेऊ नयेत असं तिला फार वाटलं. पण फीची तारीख आठवड्यावर होती. तिने घेतले.

मालक पुढे दुसऱ्या गावात इस्त्रीवाल्याला दिसला. दुकान मोठं होतं, म्हणे. परवाना कुणाच्या नावावर, देव जाणे. कारकून बढती घेऊन दुसऱ्या खिडकीत गेला. लेक नर्स झाली, मोठ्या इस्पितळात लागली. फी कशातून भरली, हे आईने तिला कधी सांगितलं नाही.

मास्तर म्हातारपणी एका तयार कपड्यांच्या कारखान्यात रोजावर राहिला. वर्षभराने काजवालीलाही तिथेच काम मिळालं. दोघं एकाच लांब टेबलाशी बसत. जुन्या गोष्टी कुणी काढत नसे. तिची नजर उतरत चालली होती, ते तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. पण तिच्या वाटणीच्या शर्टांवर काजाच्या खुणा मास्तर खडूने दोनदा ओढत असे, जाड, आणि गठ्ठा न बोलता तिच्यापुढे सरकवत असे.