तुतीखालची चादर

तुतीवर सात पाखरं होती. चार हिरवट वटवट्या, दोन माशीमार, आणि एक सारखं पानांआड जात असल्याने ओळखू न आलेलं. खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर अळ्यांच्या बारीक काळ्या लेंड्या पडल्या होत्या. कंपाउंडरबाईंनी त्या कुंचल्याने गोळा केल्या आणि पारड्यात ओतल्या.

"वहिनी, मोजून झालं का शेण?" परसाच्या भिंतीपलीकडून दिरांनी विचारलं.

"झालं. चाळीस ग्रॅम."

"काल माझ्या बनियनमधून तीन अळ्या निघाल्या. फवारणीवाल्याला आजच बोलावतो."

"बनियन वर्षातून एकदा झटकलं तर निघणारच. भाऊजी, ही वटवट्या पाखरं उत्तरेला निघालीत. वाटेत याच अळ्या खाऊन अंगात बळ धरतात. औषध मारलंत तर अळ्यांबरोबर तीही जातील. रविवारपर्यंत थांबा. अळ्या घटल्या की लेंड्याही घटतात. त्या निम्म्यावर आल्या नाहीत, तर खुशाल फवारा."

"म्हणजे वीस?"

"वीस."

"वटवट्या म्हणे. नाव तुम्हाला जास्त शोभलं असतं," म्हणत दीर आत गेले. पण रविवारपर्यंत थांबले.

औषधाच्या दुकानामागच्या खोलीत पुड्या बांधण्यात बाईंचा जन्म गेला होता. त्या खोलीला खिडकी नव्हती. वसंत आला काय नि गेला काय. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वसंतात ही पाखरं तुतीवर उतरली, आणि खुर्ची टाकून बसलेल्या बाई त्या दिवशी जेवायच्या विसरल्या.

रविवारी दीर फवारणीवाल्याला घेऊनच आले. त्याच्या पाठीवर टाकी, नाकाला फडकं. बाई तोलत होत्या. चिमूटभर लेंड्या बाजूला सारल्या असत्या तरी कुणाला कळलं नसतं; दीर चष्मा घरीच विसरले होते.

"बावीस," बाई म्हणाल्या.

"हरलात, वहिनी."

"हरले."

"मग व्हा बाजूला."

बाईंनी खुर्ची ओढून खोडाला टेकवली आणि तिच्यावर बसल्या.

"हे काय? शब्द दिला होतात."

"दिला होता. मोडतेय. खोटं वजन सांगायला जमत नाही मला. शब्द मोडायला जमतं, हे आजच कळलं."

"दादा असता तर झाडच तोडलं असतं."

"ते असते तर त्यांनाही अडवलं असतं. मारा औषध. माझ्या डोक्यावरून मारा."

फवारणीवाल्याने फडकं खाली ओढलं. "माणसावर नाही मारणार मी. उद्या बघू."

"उद्याही मी इथंच असेन," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी रोजच्यासारखी चादर झटकून पुन्हा अंथरली. सकाळी तुतीवर तीनच पाखरं उरली होती. बाकीची रात्रीच पुढच्या वाटेला लागली होती. फवारणीवाला फाटकाशी टाकी टेकवून उभा होता. भिंतीवरून दीर वाकून बघत होते, आज चष्मा लावून.

बाईंनी लेंड्या पारड्यात ओतल्या आणि काटा थांबेपर्यंत हात मागे धरले.

एकोणीस ग्रॅम.