उशीतला आवाज

“बघा, मावशींनाही शब्द सुचेनात!” कलावंत खूश झाला.

“घशाच्या ऑपरेशनात आवाज गेलाय आईचा,” मी कडेवरच्या बाळाला सावरत म्हटलं. “हा जन्मला, त्याच्या आदल्याच महिन्यात.”

“अरेरे,” तो म्हणाला आणि लगेच आपलं काम दाखवायला लागला.

त्याच्या प्रदर्शनाच्या दालनात लोखंडी खाटा ओळीनं मांडलेल्या, प्रत्येक उशीत एक स्पीकर. भिंतीवर हातभर मजकूर : ‘कथनाच्या जोखडातून भाषेची मुक्तता’. जोखड कुणाच्या मानेवर होतं, ते काही लिहिलं नव्हतं.

आई लहान मुलांच्या वॉर्डात आया होती. सुई टोचायची वेळ झाली की मुलाचा दंड धरून गोष्ट सुरू करायची. तळ नसलेल्या बादलीची. पोरानं ‘हं’ म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. पोर हुंकार भरण्यात गुंतलं, की सिस्टर सुई टोचून मोकळी. आम्ही भावंडंही त्याच गोष्टीवर वाढलो. आई निवृत्त होताना हा कलावंत वॉर्डात उगवला आणि अख्खी गोष्ट रेकॉर्ड करून घेऊन गेला. माझ्या बाळानं आजीचा आवाज ऐकलेला नाही. तेवढ्यासाठी आम्ही आलो होतो.

मी एका उशीला कान लावला. नुसता श्वास. दुसरीत घसा खाकरणं.

“गोष्ट कुठाय?”

“शब्द काढून टाकलेत, ताई. मावशी मध्येमध्ये थांबतात ना, ती मौनं ठेवलीत. केवढं दुःख आहे त्यांत!”

“दुःख कसलं डोंबलाचं! तुमच्या ‘हं’ची वाट बघत होती ती. तुम्ही मशीनकडे बघत बसला असाल.”

तो दाढी खाजवत हसला. अपमानाचीही प्रस्तावना लिहितील असली माणसं.

“मूळ रेकॉर्डिंग तरी द्या.”

“ते डिलीट केलं. पुसणं हाच तर या कामाचा गाभा आहे.”

“पुसायचीच एवढी हौस होती तर घरी यायचं. फरशी होती.”

आईनं माझी बाही ओढली. कोपऱ्यातल्या उशीत एक शब्द चुकून राहिला होता. तिनं तो शोधून काढला होता. बाळाला तिनं त्या खाटेवर निजवलं.

“मग...” आईच्या आवाजात उशी म्हणाली, आणि थांबली.

बाळ आजीकडे टक लावून बघत राहिलं. बऱ्याच वेळानं म्हणालं, “हं.”

उशी गप्प. आईचे ओठ हलले. हात मात्र केव्हाच त्याच्या दंडावर गेला होता. सुई यायच्या आधी धरावा तसा, घट्ट.