आतल्या मॅडम आणि बाहेरची गटचर्चा

शाळाभेटीला आलेल्या मॅडमना स्वतःच्या भाषणाचं भारी कौतुक होतं. "मुलांना उत्तर देऊ नका, प्रश्न द्या. खरा प्रश्न द्या आणि गप्प बसा!" प्रत्येक प्रशिक्षणात त्यांनी हे इतकं घोकवलं होतं की खेड्यापाड्यांतले शिक्षक झोपेतही तेच बडबडत असावेत.

या शाळेतल्या मास्तरांनी मात्र ते फारच मनावर घेतलं होतं. मॅडम पोचल्या तेव्हा नळाजवळचा चिखल कसा हटवायचा यावर मुलं हमरीतुमरीवर आली होती. मॅडम खूश झाल्या आणि त्या खुशीतच साहित्य बघायला सामानाच्या खोलीत शिरल्या. तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन लागलं. त्यांनी मूठ ओढली, तर ती हातात आली. बाहेरची मूठही टपकन खाली पडली.

"अहो सर! दार अडकलं!"

मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. सुताराला बोलवायला ते धावले, पण एक मुलगी आडवी आली. ऊठसूट वाद घालायची म्हणून तिला सगळे वकील म्हणत.

"सर, हा खरा प्रश्न आहे ना? मग मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही."

मुख्याध्यापकांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी दाराकडे. वाक्य तर आतल्या मॅडमचंच होतं!

लगेच दोन गट पडले. एक दारापाशी बसला, दुसरा मागच्या खिडकीकडे गेला.

"मॅडम, आधी माहिती गोळा करायची असते," वकील दाराला तोंड लावून म्हणाली. "श्वास घेता येतोय?"

"येतोय."

"भूक?"

"अजून नाही."

"भीती वाटतेय?"

"थोडीशी."

"अगं, लिही, थोडीशी," वकील शेजारच्या मुलीला म्हणाली.

"अरे बाळांनो, बिजागऱ्यांचे खिळे बाहेरूनच आहेत. ते काढा की!" मॅडम आतून म्हणाल्या.

"मॅडम, उत्तर सांगायचं नसतं!" सगळे एका सुरात ओरडले. वकिलीणबाईंनी तर निकालच दिला, "आता तो उपाय बाद. आपण कुठे शोधलाय तो?"

मॅडमनी कपाळावर हात मारला आणि एका फाटक्या गादीवर बसकण मारली. मग पट्टी झाली, दोरी झाली, सगळ्यांनी मिळून ढकलणं झालं. दार जाम हलेना. मुख्याध्यापक बाहेर येरझारा घालून घामाघूम झाले. बऱ्याच वेळाने वकिलीणबाईंचा आवाज चढला.

"सुचलं! बिजागऱ्यांचे खिळे काढून बघूया!"

"वा! काय डोकं आहे!" आतून मॅडम दातओठ खात म्हणाल्या.

दगड आणि कर्कटकाने खिळे निघाले, दार बाजूला झालं. केसांत जळमटं, साडीला धूळ अशा अवतारात मॅडम बाहेर आल्या. चांगलं खडसवायचं असं त्यांनी ठरवलं होतं, पण समोरचे फुललेले चेहरे बघून त्यांना हसू आवरेना. मुख्याध्यापकांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

तेवढ्यात मागून ठाकठूक ऐकू आली. खिडकीवाला गट अजून जाळीचे स्क्रू काढत होता. त्यांना इकडचा पत्ताच नव्हता.

"थांबवतो त्यांना," मास्तर म्हणाले.

"नको हो, हिरमुसतील." मॅडम घटाघटा पाणी प्यायल्या आणि पदर खोचून पुन्हा खोलीत शिरल्या. "दार नुसतं टेकवून ठेवा. आणि वकिलीणबाई, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही!"