गिटार थांबते तिथली हाक

पिल्लू दुपारी झोपलं की भांडी घासायची, कपड्यांच्या घड्या घालायच्या आणि उरलेल्या वेळात स्वतः आडवं व्हायचं, असं माझं ठरलेलं असतं. त्या दिवशी यातलं काहीच झालं नाही. दादानं फोनवर गाणी पाठवली होती. खाली लिहिलं होतं, ‘चिमणे, आपल्या कॅसेटच्या खोक्यातलं सगळं रॉक. शोधून शोधून जमवलंय. एकदम स्वच्छ आवाज.’

एका कानात इयरफोन घातला. दुसरा कान पिल्लासाठी मोकळा.

पहिल्याच गाण्याला दचकले. त्याला सुरुवात होती! आमच्या घरातल्या गाण्यांना सुरुवात नसायची. आम्ही भावंडं रेडिओसमोर माइक धरून गाणी टेप करायचो. निवेदक बोलायचा थांबेपर्यंत दादा एक बोट हवेत धरून बसायचा. बोट वर म्हणजे श्वाससुद्धा घ्यायचा नाही. मग तो बटण दाबायचा, तोवर ड्रमचे पहिले ठोके निघून गेलेले असायचे. हे गाणं मला दुसऱ्या ओळीपासूनच माहीत होतं. ओळखीच्या माणसाला पहिल्यांदाच टोपीशिवाय पाहावं तसं वाटलं. पलंगाच्या कडेला बसून मी पायानं ठेका धरला. किती वर्षांनी!

मग ते लांबलचक गिटारचं गाणं आलं. त्यात गिटार चढत चढत जाते आणि एका सुरावर क्षणभर थांबते. तिथे माझा कान पुढे झाला, आपोआप. कारण तिथे आई हाक मारते. ‘जेवायला चला रे, गार होतंय!’

गिटार पुढे निघून गेली. हाक आली नाही.

मी गाणं मागे घेतलं. पुन्हा लावलं. स्वच्छ आवाज.

आई गेली तेव्हा आमच्याकडच्या फोनला नुसती बटणं होती. तिचे फोटो ढीगभर आहेत. आवाज कुठेच नाही. मागे पिल्लाला थोपटताना आई कशी गुणगुणायची ते आठवायला गेले, तर डोक्यात माझाच आवाज यायला लागला. त्या दिवशी फार घाबरले होते. आणि हे सगळं होत असताना ती त्या खोक्यात होती. दादाच्या माळ्यावर, गाण्यांच्या मधोमध, आम्हाला जेवायला बोलावत.

दादाला फोन लावला.

“आवडली का?” तो खुशीत होता.

“दादा, खोकं कुठंय?”

“कसलं खोकं?”

“कॅसेटचं!”

“अगं, ते दिलं सकाळी. आता सगळं फोनवर आहे ना. बुरशी आली होती त्यांना.”

“दिलं म्हणजे कुणाला?”

“त्या कॅसेटवाल्या मावशी नाहीत का, जुन्या बाजारातल्या? हल्लीच्या बँडवाल्या पोरांना पुन्हा कॅसेटच पाहिजे म्हणे. मावशी जुन्या पुसतात आणि कोऱ्या म्हणून विकतात.”

“पुसतात?”

“हो. चिमणे, काय झालं?”

“तू वाजवून पाहिल्यास का देण्याआधी?”

“वाजवणार कशावर? लेबलं वाचून गाणी शोधली.”

“दादा, त्यात आई आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “मी निघतो,” तो म्हणाला. “तू जवळ आहेस. तू पळ.”

झोपलेल्या पोराला झोळीत घालायचं म्हणजे सुरुंग उचलण्यासारखं असतं. मान सांभाळली, पाय सोडवले, पट्टा बांधला. एक मोजा पडला, पडू दिला. जिन्यातच मावशींच्या दुकानाचा नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्यानं माझ्याकडे पाहून, “ताई, बाळ तरी बघा!” म्हणून सुनावलं. मी बाळ बघत होते. मला फक्त त्याच्यापलीकडचंही दिसत होतं, एक बाई आणि तिच्यासमोरची रास.

दुकानाच्या पायरीशी पोहोचले तेव्हा आतून घूं असा जाड आवाज येत होता.

“मावशी, थांबा! बंद करा ते!”

मावशींच्या हातात इस्त्रीसारखं दिसणारं यंत्र होतं. त्या शांतपणे ते एका कॅसेटवरून गोल फिरवत होत्या. फिरवून झालं, मग बटण बंद केलं.

“ओरडतेस काय? बाळ उठेल.”

“फोन का नाही उचलत तुम्ही?”

“हे पुसायचं चुंबक चालू असताना फोन जवळ ठेवतं का कुणी? मागच्या खोलीत आहे. घ्यायचंय काय तुला?”

मी धापा टाकत सांगितलं. खोकं, दादा, आई. मावशींनी यंत्र खाली ठेवलं आणि टेबलाच्या दोन्ही टोकांकडे हात केला. डावीकडे लेबलं खरवडलेल्या कॅसेटची चळत. उजवीकडे आमचं खोकं, तळाशी थोड्याच कॅसेट उरलेल्या. खाली कचऱ्याच्या टोपलीत लेबलांचे तुकडे. त्यात मला वीज दिसली. दादानं लाल पेनानं काढलेली वाकडी वीज. ती त्या गिटारच्या कॅसेटवर होती.

मी डावीकडची चळत धरली. “यातली कोणतीतरी एक—”

“पोरी, त्यांत आता काही नाही.” मावशींचा आवाज खाली आला. “गेलं ते गेलं. राहिलेल्या बघू. बस.”

त्यांनी टेपरेकॉर्डर पुढे ओढला. पहिली कॅसेट. दुसऱ्या ओळीपासून सुरू होणारं गाणं, खरखर, आणखी एक गाणं. आई नाही. दुसरी. नुसते ड्रम आणि किंचाळणारा गायक. नंतर नंतर आम्ही दाराला कडी घालून टेप करायला शिकलो होतो. त्या वेळी केवढा अभिमान वाटला होता त्या युक्तीचा! आता मी प्रत्येक गाण्यात दार उघडायची वाट पाहत होते आणि दार बंदच.

एवढ्यात दादा आला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं माझा चेहरा पाहिला, मग टोपली पाहिली.

“शेवटची,” मावशी म्हणाल्या. निळी कॅसेट होती. त्यांनी ती उजेडात धरली. “फीत चुरगळलीय मध्ये. एकदा वाजेल बहुतेक. पुन्हा लावली तर यंत्र गिळेल, मी जबाबदार नाही.”

“दुसरीकडे उतरवून घेता येईल?” दादानं विचारलं.

“उतरवायलाही एकदा वाजवावीच लागेल ना? आणि दोन यंत्रं जोडायची माझी वायर तुटलीय.”

मी फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि स्पीकरच्या जाळीसमोर धरला. हात हलू नये म्हणून कोपर टेबलावर टेकवलं. दादा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं बोट वर केलं. मला वाटतं, त्याला कळलंही नसेल आपण ते केलं.

मावशींनी बटण दाबलं.

खरखर. एक गाणं, मधूनच. फीत डगमगली, आवाज जाड झाला, पुन्हा सावरला. गाणं संपलं. दुसरं लागलं. त्याच वेळी झोळीत हालचाल झाली. पिल्लानं मान वर केली, तोंड वेडंवाकडं केलं. आता रडणार! मी झुलायला लागले, हात मात्र जागचा हलवला नाही.

“श्श,” मी अगदी हलकेच म्हणाले. “रेकॉर्डिंग चालू आहे.”

आणि स्पीकरमधून दार करकरलं.

“काय रे, कितीदा बोलवायचं?”

“आईऽऽ! रेकॉर्डिंग चालू आहे ना!” हा माझा आवाज. चिरका, आगाऊ, दात पडलेला.

“बरं बाई. मी काही बोललेच नाही.” मग अगदी हळू, बहुधा दादाला, “हे गाणं छान आहे रे. संपलं की या.”

दार मिटलं. गायक किंचाळत राहिला. पुढे कुठेतरी फीत कुरकुरली आणि यंत्र खट्टकन थांबलं. मावशींनी झाकण उघडलं. आत तपकिरी गुंताच गुंता.

“आलं का?” त्यांनी विचारलं.

मी फोन कानाला लावला, मग दादाच्या कानाला. खरखर आहे, रस्त्यावरचा हॉर्न आहे, मावशींची खुर्ची आहे. आई ‘काही बोललेच नाही’ म्हणते, आणि लगेच, तिच्या पुढच्या वाक्याच्या आधी जी जरा जागा आहे तिथे, पिल्लू मोठ्यानं “आं?” करतं.

“हे मधलं काढता येतं हल्ली,” दादा नाक पुसत म्हणाला. “स्वच्छ करून देतो.”

“हात लावून तर बघ,” मी म्हणाले.